विमानभाडे पूर्वानुमान

विमानभाडे पूर्वानुमान म्हणजे एखाद्या हवाई मार्गावरील तिकिटाचे दर पुढील काही दिवसांत वाढतील, उतरतील की स्थिर राहतील, याचा मागील दरांच्या नोंदींवरून बांधलेला अंदाज होय. हा अंदाज आंतरजालावरील शोधयंत्रे, प्रवास-संकेतस्थळे आणि मोबाइल ॲप यांच्यामार्फत प्रवाशापर्यंत पोहोचतो. तिकीट आजच घ्यावे की थांबावे, हे ठरवण्यासाठी त्याचा उपयोग केला जातो. दरांचा आलेख, तारखांचा तक्ता, दर बदलल्याची सूचना आणि भाडे काही काळ गोठवण्याची सोय ही या साधनांची प्रमुख रूपे आहेत.

मोठ्या महानगरांतील प्रवाशाला या साधनांचा अंदाज बहुधा थेट वापरता येतो. मात्र ज्या जिल्ह्यात विमानतळच नाही, तेथील प्रवाशाला तिकिटाच्या दरासोबत विमानतळापर्यंतचा खर्च, रेल्वेचा पर्याय आणि सणांचे वेळापत्रक यांचाही मेळ घालावा लागतो. महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा हे याचे उदाहरण असून प्रस्तुत लेखात त्या जिल्ह्याच्या संदर्भात या साधनांचा विचार केला आहे.

भाडे का बदलते

एकाच विमानातील शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांनी वेगवेगळे भाडे दिलेले असणे ही सर्वसामान्य बाब आहे. विमान कंपन्या एकाच वर्गातील आसने अनेक भाडेगटांत विभागतात. प्रत्येक गटाला इंग्रजी वर्णमालेतील एक अक्षर दिलेले असते व त्या गटात किती आसने विकायची हे संगणकीय प्रणाली ठरवते. स्वस्त गटातील आसने संपली की पुढील महाग गट विक्रीस उपलब्ध होतो. मागणी अपेक्षेपेक्षा कमी राहिल्यास बंद झालेला स्वस्त गट पुन्हा खुलाही केला जातो. म्हणून दर केवळ चढतच नाहीत, अधूनमधून उतरतातही.

या पद्धतीला महसूल व्यवस्थापन म्हणतात. तिचा गणिती पाया १९७२ मध्ये ब्रिटिश विमान कंपनी बीओएसीमधील केन लिटलवुड यांनी मांडला. त्यांच्या नियमाचा आशय असा की, स्वस्त दराने मिळणारी आजची रक्कम ही उशिरा येणाऱ्या महाग प्रवाशाकडून मिळू शकणाऱ्या अपेक्षित रकमेपेक्षा जास्त असेल, तोपर्यंतच स्वस्त आसन विकावे. उदाहरणार्थ, स्वस्त भाडे ४,००० रुपये व महाग भाडे १०,००० रुपये असेल, तर त्या आसनासाठी महाग प्रवासी येण्याची शक्यता ४० टक्क्यांहून अधिक असल्यास कंपनी ते आसन राखून ठेवते. अमेरिकेत १९७८ मध्ये विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठल्यानंतर ही पद्धत झपाट्याने पसरली.

भारतात १९९४ मध्ये एअर कॉर्पोरेशन कायदा रद्द झाला आणि देशांतर्गत विमानभाडी ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना मिळाले. कंपन्यांनी भाडे वाजवी ठेवावे अशी नियमांत अपेक्षा आहे आणि नागरी विमानवाहतूक महासंचालनालय दरांवर देखरेख ठेवते. परंतु सामान्य परिस्थितीत भाड्याची कमाल मर्यादा सरकार ठरवत नाही.

रेल्वेशी तुलना केल्यास हा फरक स्पष्ट होतो. बहुतेक रेल्वेगाड्यांत आरक्षण पहिल्या दिवशी केले काय किंवा शेवटच्या आठवड्यात केले काय, भाडे तेच राहते. बदलते ती फक्त आसन मिळण्याची शक्यता. याला अपवाद म्हणजे राजधानी, शताब्दी व दुरांतो गाड्यांतील लवचिक भाडे. सप्टेंबर २०१६ पासून लागू झालेल्या या पद्धतीत दर १० टक्के आसने विकली गेल्यावर मूळ भाडे १० टक्क्यांनी वाढत जाते; सुरुवातीला ते कमाल दीडपटीपर्यंत पोहोचत असे. मात्र तेथे वाढीचा क्रम आधीच जाहीर असतो. विमानभाड्याच्या बाबतीत तो प्रवाशाला दिसत नाही आणि हीच उणीव भरून काढण्याचा प्रयत्न पूर्वानुमान साधने करतात.

इतिहास

विमानभाड्याच्या पूर्वानुमानाचा पहिला गाजलेला प्रयोग अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे संगणकशास्त्रज्ञ ओरेन एत्झिओनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी ४१ दिवसांच्या काळात १२,००० हून अधिक दरांच्या नोंदी संकलित केल्या आणि ‘हॅम्लेट’ नावाची गणनपद्धती तयार केली. शेक्सपिअरच्या नायकापुढील द्विधेवरून हे नाव घेतले होते. ३४१ काल्पनिक प्रवाशांना ‘घ्या’ किंवा ‘थांबा’ असा सल्ला देऊन या पद्धतीने १,९८,०७४ डॉलरची बचत करून दाखवली. भविष्यातील सर्व दर आधीच ठाऊक असते, तर जास्तीत जास्त ३,२०,५७२ डॉलर वाचले असते. म्हणजेच शक्य असलेल्या बचतीपैकी ६१.८ टक्के बचत या पद्धतीने साधली.

या संशोधनातून ‘फेअरकास्ट’ ही कंपनी उभी राहिली व २००६ मध्ये तिची सेवा लोकांसाठी खुली झाली. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली व ‘बिंग’च्या प्रवास विभागात समाविष्ट केली, पुढे ही सेवा बंद पडली. दरम्यान गूगलने २०१० मध्ये विमानभाडे शोधप्रणाली बनवणारी आयटीए सॉफ्टवेअर ही कंपनी ७० कोटी डॉलरना घेण्याची घोषणा केली. २०११ मध्ये हा व्यवहार पूर्ण झाला व त्याच वर्षी गूगल फ्लाइट्स सुरू झाले. ‘कायाक’ने २०१३ मध्ये दरांचा अंदाज दाखवण्यास सुरुवात केली. कॅनडातील माँट्रियल येथे २००७ मध्ये स्थापन झालेल्या ‘हॉपर’ने मोबाइल ॲपद्वारे हा सल्ला लोकप्रिय केला.

भारतात मेकमायट्रिपने २००५ मध्ये देशांतर्गत प्रवाशांसाठी सेवा सुरू केली. २००६ मध्ये यात्रा व क्लिअरट्रिप आणि २००७ मध्ये इक्सिगो ही संकेतस्थळे आली. दरांचे दिनदर्शिकावार प्रदर्शन, दर-सूचना व भाडे गोठवणे या सोयी आता भारतीय प्रवाशांच्याही परिचयाच्या झाल्या आहेत.

साधनांचे प्रकार

दर दिनदर्शिका व तारखांचा तक्ता – प्रत्येक तारखेचा किमान दर एकत्र दाखवला जातो. प्रवासाचा दिवस एक-दोन दिवसांनी पुढेमागे करणे शक्य असेल, तर हे साधन सर्वांत उपयुक्त ठरते. कारण त्यात भविष्याचा अंदाज नसून आजचे प्रत्यक्ष दर असतात.

दरपातळी दर्शक – सध्याचा दर त्या मार्गावरील नेहमीच्या दराच्या तुलनेत कमी, सर्वसाधारण की जास्त आहे हे सांगितले जाते. मार्गाची सवय नसलेल्या प्रवाशाला दराचे माप मिळते, हा याचा लाभ होय.

दर-सूचना – प्रवासी मार्ग व तारीख नोंदवून ठेवतो आणि दर बदलताच त्याला ईमेल किंवा मोबाइलवर सूचना येते.

खरेदी-सल्ला – ‘आता घ्या’ किंवा ‘थांबा’ असा थेट सल्ला दिला जातो. काही साधने त्यासोबत अंदाजाच्या खात्रीचे प्रमाणही दाखवतात.

भाडे गोठवणे – थोडे शुल्क भरून आजचा दर ठरावीक मुदतीपर्यंत राखून ठेवता येतो. हे शुल्क बहुधा परत मिळत नाही आणि दरवाढीपासून मिळणाऱ्या संरक्षणाला अनेकदा कमाल मर्यादा असते.

वर्धा जिल्ह्याची स्थिती

वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट व समुद्रपूर या आठ तालुक्यांच्या वर्धा जिल्ह्यात नियमित प्रवासी सेवा असलेला विमानतळ नाही. जिल्ह्यातील प्रवासी मुख्यतः नागपूर येथील सोनेगावच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळाचा वापर करतात. वर्धा शहरापासून नागपूर रस्त्याने सुमारे ७५ ते ८० किलोमीटर आहे. वर्धेहून बुटीबोरीमार्गे, तर हिंगणघाटहून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने नागपूर गाठता येते. समृद्धी महामार्गही जिल्ह्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला.

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळील बेलोरा विमानतळाचे उद्घाटन होऊन उडान योजनेखाली अलायन्स एअरची मुंबई–अमरावती सेवा सुरू झाली. त्यामुळे आर्वी व आष्टी या पश्चिमेकडील तालुक्यांना दुसरा पर्याय मिळाला. शोध घेताना केवळ ‘नागपूर’ असे नोंदवल्यास हा पर्याय दिसत नाही; अमरावतीचा शोध स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.

जिल्ह्यातील विमानप्रवासाची कारणे विविध आहेत. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालय आणि वर्धा येथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय येथे देशाच्या विविध भागांतून विद्यार्थी येतात. पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे नोकरी करणारे तरुण सणासुदीला गावी परततात. मुंबईतील मोठ्या रुग्णालयांत उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णांना व त्यांच्या नातलगांना ठरावीक तारखेस पोहोचावेच लागते. विद्यार्थ्याच्या सुट्टीची तारीख काहीशी बदलता येते, रुग्णाच्या तपासणीची सहसा येत नाही. त्यामुळे एकच पूर्वानुमान या दोघांसाठी वेगवेगळ्या अर्थाचे ठरते.

एकूण खर्चाचा हिशेब

भाडे-तुलना साधने विमानतळ ते विमानतळ एवढाच खर्च दाखवतात. वर्धेच्या प्रवाशाला त्यात घर ते नागपूर हा खर्च मिळवावा लागतो. पहाटेचे स्वस्त विमान गाठण्यासाठी मध्यरात्री भाड्याची मोटार करावी लागत असेल, तर दुपारच्या थोड्या महाग विमानासाठी एसटी किंवा रेल्वेने नागपूरला जाणे एकूण हिशेबात स्वस्त पडू शकते. चार जणांच्या कुटुंबात मोटारीचा खर्च विभागला जातो, एकट्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तो संपूर्ण त्याच्यावर पडतो.

वर्धा व सेवाग्राम ही दोन्ही रेल्वे स्थानके मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई या मार्गांच्या संगमक्षेत्रात असल्याने रेल्वेचा पर्याय सबळ आहे. विदर्भ एक्सप्रेस व सेवाग्राम एक्सप्रेस या गाड्या वर्धेहून मुंबईस जातात. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेच्या आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. विमानाची तिकिटे मात्र अनेक महिने आधीपासून उपलब्ध असतात. परिणामी प्रवासाच्या ६० दिवस आधीचा दिवस वर्धेच्या प्रवाशासाठी महत्त्वाचा ठरतो. त्या दिवशी रेल्वेचे निश्चित आरक्षण मिळाले, तर विमानभाडे उतरण्याची वाट निर्धास्तपणे पाहता येते. ते न मिळाल्यास, वाट पाहण्यातील धोका वाढतो.

थांबण्याचे गणित

‘दर उतरण्याची शक्यता अधिक आहे’ याचा अर्थ ‘थांबणे फायद्याचे आहे’ असा होत नाही. शक्यतेबरोबरच चढ-उताराची रक्कमही पाहावी लागते. उदाहरणादाखल, आजचे भाडे ५,००० रुपये आहे असे मानू. साधनाच्या मते ते ४०० रुपयांनी उतरण्याची शक्यता ७० टक्के आणि २,५०० रुपयांनी वाढण्याची शक्यता ३० टक्के आहे. थांबल्यास अपेक्षित लाभ २८० रुपये, तर अपेक्षित हानी ७५० रुपये होते. म्हणजे दहापैकी सात वेळा दर उतरणार असला, तरी सरासरीने थांबणाऱ्याचे ४७० रुपयांचे नुकसान होते. चार तिकिटांसाठी ही रक्कम १,८८० रुपये होते. प्रवासाची तारीख जवळ येते तसा उताराचा आकार लहान व चढाचा आकार मोठा होत जातो. त्यामुळे शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत थांबण्याचा सल्ला अधिक सावधपणे घ्यावा लागतो.

कुटुंबासाठी शोध घेताना आणखी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. स्वस्त गटात तीनच आसने उरली असतील आणि चार तिकिटांचा शोध घेतला, तर बहुतेक प्रणाली चारही तिकिटे पुढील महाग गटाच्या दराने दाखवतात. आधी एका व नंतर चार प्रवाशांसाठी शोध घेतल्यास हा फरक उघड होतो. अशा वेळी तिकिटे दोन भागांत घेतल्यास खर्च कमी होतो. मात्र नोंदणी क्रमांक वेगळे असल्याने वेळापत्रक बदलल्यास दोन्ही नोंदणींची स्वतंत्र काळजी घ्यावी लागते.

पूर्वानुमानाच्या मर्यादा

पूर्वानुमान मागील नोंदींवर आधारलेले असल्याने ज्या घटनेला पूर्वीचे उदाहरण नाही, तेथे ते अपुरे पडते. जेट एअरवेजने १७ एप्रिल २०१९ रोजी आणि गो फर्स्टने मे २०२३ च्या प्रारंभी उड्डाणे थांबवली. आसनांची संख्या अशी अचानक घटली की जुने दरांचे आलेख निरुपयोगी होतात. कोविड-१९ च्या काळात २५ मे २०२० रोजी देशांतर्गत उड्डाणे पुन्हा सुरू झाली, तेव्हा सरकारने किमान व कमाल भाडी ठरवून दिली. हे निर्बंध ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत राहिले. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे मोठ्या प्रमाणावर रद्द झाल्यावर सरकारने पुन्हा तात्पुरती कमाल मर्यादा घातली. तीत ५०० ते १,००० किलोमीटर अंतरासाठी कर व शुल्के वगळून १२,००० रुपये ही मर्यादा होती. नागपूर–मुंबई मार्ग याच गटात मोडतो.

दुसरी मर्यादा सणांची आहे. दिवाळी चांद्रमासानुसार येत असल्याने इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबर, २०२४ मध्ये १ नोव्हेंबर आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबर रोजी झाले. मागील वर्षीच्या त्याच तारखेशी केलेली तुलना म्हणूनच फसवी ठरू शकते. नागपूरच्या बाबतीत विजयादशमीच्या सुमारास दीक्षाभूमीवर होणारी गर्दी व डिसेंबरमधील विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन हे स्थानिक घटकही आहेत. या तारखांचे भान साधनापेक्षा स्थानिक प्रवाशाला अधिक असते.

तिसरी मर्यादा मार्गाची आहे. दिवसातून मोजकीच विमाने असलेल्या मार्गावर एका कंपनीने एक फेरी कमी केली, तरी दरांची पातळी बदलते. दिल्ली–मुंबईसारख्या वर्दळीच्या मार्गावरील अंदाजाइतकी खात्री अशा मार्गांवर अपेक्षिता येत नाही.

मंगळवारी तिकीट स्वस्त मिळते किंवा ब्राउझरच्या खासगी खिडकीतून शोधल्यास दर कमी दिसतो, असे समज प्रचलित आहेत. दर सतत आणि आपोआप बदलत असल्याने खरेदीच्या वारावर आधारलेला कायमचा नियम संभवत नाही. दोन शोधांत दिसणारा फरक बहुधा गट संपल्यामुळे किंवा संकेतस्थळाने साठवलेला जुना दर अद्ययावत झाल्यामुळे पडतो. प्रवासाचा वार मात्र दरावर खरोखर परिणाम करतो. शुक्रवार सायंकाळ व रविवार यांच्या तुलनेत आठवड्याच्या मधले दिवस बहुधा स्वस्त असतात.

ग्राहकांचे हक्क

खरेदीचा निर्णय चुकल्यास काय परत मिळते, यावरही थांबायचे की नाही हे अवलंबून असते. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या १ ऑगस्ट २०१६ पासून लागू झालेल्या नियमांनुसार रद्दीकरण शुल्क हे मूळ भाडे व इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. तिकीट परतावारहित असले तरी कर व विमानतळाची प्रवासी शुल्के परत करणे बंधनकारक आहे. प्रवासास किमान सात दिवस असतील, तर नोंदणीनंतर २४ तासांच्या आत रद्दीकरण शुल्काशिवाय तिकीट रद्द करण्याची किंवा बदलण्याची मुभाही त्यात होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या मसुद्यात ही मुदत ४८ तास करण्याचा प्रस्ताव होता. या तरतुदीमुळे आज तिकीट घेऊन मुदतीत दर उतरल्यास निर्णय बदलणे शक्य होते. मात्र प्रवास-संकेतस्थळाने आकारलेले सुविधा शुल्क परत मिळेलच असे नाही.

शोधाच्या यादीत सर्वांत स्वस्त दिसणारा दर शेवटच्या पानावर तसाच राहत नाही. सुविधा शुल्क, आसन निवड, सामान व विमा यांची भर पडत जाते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ फसव्या रचनांची नोंद केली आहे. टप्प्याटप्प्याने किंमत वाढवणे, न विचारता वस्तू खरेदीत घालणे आणि ‘थोडीच आसने शिल्लक’ अशी खोटी निकड भासवणे यांचा त्यात समावेश होतो. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आणि नागरी विमानवाहतूक मंत्रालयाचे एअरसेवा हे संकेतस्थळ उपलब्ध आहे.

परदेश प्रवासात दोन स्वतंत्र तिकिटे जोडून मिळणारा स्वस्त दर विशेष तपासावा लागतो. नागपूर–मुंबई आणि मुंबईपासून पुढील प्रवास अशी वेगवेगळी तिकिटे घेतल्यास पहिल्या विमानाच्या विलंबामुळे चुकलेल्या दुसऱ्या विमानाची जबाबदारी कंपनीवर येत नाही. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झाल्याने ‘मुंबई’ या एका शोधात दोन वेगवेगळे विमानतळ दिसू शकतात. उतरण्याचा व पुढे निघण्याचा विमानतळ एकच आहे ना, हे तिकीट घेण्यापूर्वी पाहणे आवश्यक ठरते.

व्यवहारातील वापर

तारीख लवचिक असलेल्या प्रवाशासाठी तारखांचा तक्ता व दर-सूचना ही साधने अधिक उपयोगी आहेत. नोंदवलेला दर सर्वसाधारण पातळीखाली आला की खरेदी करणे, ही त्याच्यासाठी पुरेशी पद्धत ठरते. सर्वांत खालचा दर नेमका पकडण्याचा प्रयत्न हॅम्लेट पद्धतीलाही पूर्णतः साधला नव्हता. दिवाळी, उन्हाळी सुट्टी अथवा लग्नसराईतील ठरलेल्या प्रवासासाठी दर ‘सर्वसाधारण’ दिसत असतानाच तिकीट घेणे सुरक्षित मानले जाते. रुग्णालयाची तारीख, परीक्षा किंवा मुलाखत अशा प्रवासात दराच्या अंदाजापेक्षा तिकीट बदलण्याच्या अटी व रेल्वेचे पर्यायी आरक्षण यांना अधिक महत्त्व असते. विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक व सैनिक यांच्यासाठी काही विमान कंपन्या देत असलेल्या सवलती तुलना साधनांत अनेकदा दिसत नाहीत. म्हणून साधनावर दर पाहिल्यानंतर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही त्याची पडताळणी केली जाते.